मास्क मिळाला, कागद कुठाय?

मंडळी, तुमच्यापैकी जे 2020 साली जपानात होते, त्यांना ते पाकीट आठवत असेलच. त्सुकुबात आमच्याकडे ते मे महिन्यात आलं. टपालपेटीत पिझ्झाच्या जाहिराती, गॅसचं बिल आणि त्यांच्यामध्ये एक पारदर्शक पाकीट. आत पांढऱ्या जाळीदार कापडाचे दोन मास्क, धुऊन पुन्हा वापरता येणारे. पाकिटावर कोणाचं नाव नाही. पत्ता दिसला की पेटीत टाकायचं, असा पोस्टाचा हिशोब. त्यामुळे घरात माणसं दोन असोत की सहा, मास्क दोनच. परदेशी असोत की जपानी, तेही दोनच.

लावून बघितला तर नाक झाकताना हनुवटी उघडी पडायची. व्हॉट्सअॅपवर फोटो फिरले. कोणी मांजराला घातला, कोणी त्यातून चहा गाळला. आणि नाव तर आधीच पडलं होतं: आबेनोमास्क. पंतप्रधान शिन्झो आबे यांच्या आर्थिक धोरणाला 'आबेनॉमिक्स' म्हणत, त्यावरची ही कोटी. घोषणेचा दिवससुद्धा कसा, तर 1 एप्रिल. कित्येकांना आधी एप्रिल फूलच वाटलं.

आपण सगळे हसलो. मीही हसलो. आज पाच-सहा वर्षांनी या प्रकरणाकडे बघताना मला वाटतं की आपण चुकीच्या गोष्टीवर हसत बसलो. मास्क छोटा होता ही त्यातली सगळ्यात किरकोळ बाब. सरकार संकटात पैसे वाया घालवतं, याचंही मला फारसं नवल वाटत नाही. खरी तक्रार वेगळीच आहे आणि ती सांगायला मला जरा वेळ लागेल. तेवढा द्या.

आधी आकडे बघू. जपानी आकडे 'ओकु'मध्ये असतात. एक ओकु म्हणजे दहा कोटी. मी सगळं कोटीत सांगतो. त्या वर्षी 100 येन म्हणजे साधारण 70 रुपये होते, तेवढं डोक्यात ठेवा. पाच कोटींहून जास्त घरांना प्रत्येकी दोन मास्क वाटायचे, त्यासाठी सुरुवातीला 4,660 कोटी येनचा अंदाज जाहीर झाला. प्रत्यक्ष खर्च त्याहून बराच कमी, साधारण 2,600 कोटी येनपर्यंत आला. याशिवाय वृद्धाश्रम, दवाखाने, गरोदर स्त्रिया यांच्यासाठी वेगळी खरेदी झाली. एकूण हिशोब धरला तर 17 कंपन्यांशी 32 करार, सुमारे 4,400 कोटी येन. हे सगळे करार निविदा न काढता झाले.

निविदा नाही म्हटल्यावर आपल्या मराठी कानांना लगेच वास येतो. पण थांबा. जपानच्या लेखा कायद्यातच तशी सोय आहे. तातडीच्या गरजेमुळे स्पर्धा घेता येत नसेल, तर सरकार थेट एखाद्या कंपनीशी करार करू शकतं. त्याला 'झुइ-इ केइयाकु' म्हणतात. आपल्याकडेही अशी तरतूद असते. घराला आग लागलेली असताना बादल्यांची तीन कोटेशन्स मागवत कोणी बसत नाही.

आणि सरकारच्या बाजूनेही प्रामाणिकपणे बोलायला हवं. मार्च-एप्रिल 2020 मध्ये त्सुकुबातल्या औषधांच्या दुकानांत मास्कच्या फळ्या रिकाम्या होत्या. सकाळी दुकान उघडायच्या आत आजी-आजोबा रांगेत उभे असायचे. वापरून फेकायचे मास्क बहुतेक चीनमधून येत आणि तो पुरवठा आटला होता. कापडी मास्क वाटले तर घरोघरचे लोक ते धुऊन वापरतील आणि फेकायचे मास्क रुग्णालयांना उरतील, हा विचार कागदावर वाईट नव्हता. टंचाई सहा महिने टिकली असती आणि सरकार गप्प बसलं असतं, तर आज हाच लेख मी उलट्या बाजूने लिहिला असता. झालं एवढंच की पाकिटं घराघरांत पोचेपर्यंत दुकानांत मास्क परत दिसायला लागले. वाटप जूनपर्यंत चाललं. तोवर बहुतेक मंत्रीसुद्धा दुसरेच मास्क वापरत होते. आबे तेवढे जुलैअखेरपर्यंत तोच छोटा मास्क लावून फिरले.

म्हणजे अंदाज चुकला. चुकू शकतो. आपण संशोधनवाले लोक तरी अंदाज चुकण्यावर कोणाला फाशी देऊ नये.

पुढचा भाग मात्र वाईट दिसतो. गरोदर स्त्रियांसाठी पाठवलेल्या मास्कमध्ये डाग आणि केस सापडले. वाटप थांबलं, माल परत गेला, तपासणीवर आणखी सुमारे 80 कोटी येन गेले. मग 2021 च्या नोव्हेंबरमध्ये जपानच्या लेखापरीक्षण मंडळाचा, म्हणजे तिथल्या 'कॅग'चा अहवाल आला. त्या वर्षीच्या मार्चअखेर सुमारे 8 कोटी 20 लाख मास्क गोदामात तसेच पडून होते. किंमत साधारण 1,150 कोटी येन. ते नुसते सांभाळून ठेवायला आठ महिन्यांत सुमारे 60 कोटी येन भाडं आणि हाताळणीखर्च. डिसेंबरमध्ये पंतप्रधान फुमिओ किशिदा यांनी साठा संपवायचं जाहीर केलं आणि हवे असतील त्यांनी अर्ज करा म्हणून सांगितलं. सुमारे 3 लाख 70 हजार अर्ज आले. फुकट म्हटल्यावर मागणी साठ्याच्या तिप्पट झाली. सगळे जाळून टाकायला अंदाजे 6 कोटी येन लागले असते. लोकांना पाठवायला अंदाजे 100 कोटी. घोंगडं भिजत ठेवलं की जड होतं, ते असं.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे आणि इथेच ती संपते असं वाटतं. मला ती इथून पुढे सुरू होते असं वाटतं.

जरा प्रयोगशाळेत चला. जपानमधल्या विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत काम करत असाल, तर तुम्हाला तीन शब्द झोपेतसुद्धा पाठ असतील: मित्सुमोरी, नोहिन, सेइक्यू. दरपत्रक, माल पोचल्याची पावती, बिल. तीन हजार येनची केबल घ्या, नाहीतर पिपेटच्या टोकांचा एक खोका घ्या, हे तीन कागद लागतात. रक्कम जरा मोठी झाली की दुसऱ्या कंपनीचंही दरपत्रक लागतं. आणि माल आला की 'केन्शू'. म्हणजे तुमच्या गटाबाहेरचा माणूस खोका उघडून बघणार, खरंच आलाय का, तेवढाच आलाय का, आणि मग शिक्का मारणार. शिक्का नाही तर पैसे नाहीत. संशोधननिधीच्या गैरवापराची प्रकरणं गाजल्यावर शिक्षण मंत्रालयाने 2007 साली मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हापासून हे घट्ट झालं.

मी नवीन असताना याच्यावर खूप वैतागायचो. एकदा घाईत स्वतःच्या खिशातून एक अॅडॉप्टर घेतला आणि पावती हरवली. ऑफिसातल्या बाईंनी अतिशय नम्रपणे, तीनदा वाकून, मला एक पैसाही दिला नाही. "पावती नसेल तर खरेदी झालीच नाही असं धरावं लागतं," असं त्या म्हणाल्या. तेव्हा राग आला होता. आता ते वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं.

कारण त्याच देशाच्या सरकारने 32 करारांबद्दल न्यायालयात काय सांगितलं, ते ऐका.

कोबे गाकुइन विद्यापीठात घटनात्मक कायदा शिकवणारे प्राध्यापक हिरोशी कामिवाकी यांनी माहिती मागितली. पहिला प्रश्न अगदी साधा होता: एक मास्क कितीला पडला? भाजीवाल्याला विचारावा तसा. सरकारने उत्तर दिलं नाही. दर सांगितला तर कंपन्यांचं नुकसान होईल आणि पुढच्या वाटाघाटी अवघड होतील, असं कारण दिलं. प्राध्यापक ओसाका जिल्हा न्यायालयात गेले. 28 फेब्रुवारी 2023 ला न्यायालयाने दर उघड करायला सांगितलं. म्हणजे पाकीट आमच्या पेटीत पडल्यावर जवळपास तीन वर्षांनी. तेव्हा कळलं की काही करारांत मास्क 62 येनच्या आसपास पडला होता आणि काहींत 150 येनला. अडीच पट फरक! त्याला कारण असू शकतं. कापड वेगळं, वेळ वेगळी, वाहतूक वेगळी. मी लगेच चोर चोर म्हणून ओरडणार नाही. पण हा फरक का होता, हे समजायचं तर बोलणी कशी झाली ते बघावं लागणार.

म्हणून दुसरा प्रश्न: कंपन्यांशी झालेल्या व्यवहाराची कागदपत्रं दाखवा. ईमेल, टिपणं, काय असेल ते. यावर सरकारचं उत्तर होतं, तसे कागद नाहीत.

नाहीत म्हणजे? देणार नाही असं नाही. नाहीतच.

5 जून 2025 ला ओसाका जिल्हा न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं आणि माहिती नाकारण्याचे बहुतेक निर्णय रद्द केले. न्यायालयाचा तर्क तुमच्या-माझ्यासारखाच होता. इतक्या कंपन्यांशी, इतक्या घाईत, संख्या-दर-तारखा ठरवायच्या आणि ते सगळं फक्त तोंडी, यावर विश्वास ठेवणं कठीण आहे. प्राध्यापकांना थोडी नुकसानभरपाईही मिळाली.

यात त्सुकुबाचं काय, असं तुम्ही म्हणाल. सांगतो. त्सुकुबात जपानच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची शाखा आहे, 1998 पासून. मुख्य इमारत टोकियोत राजवाड्याजवळच्या बागेत आहे. तिथे मावेनासे झालेले सरकारी कागद सांभाळायला ही जागा उभी राहिली. आपण त्सुकुबा म्हटलं की अवकाश केंद्र, प्रवेगक, एक्स्पो 85 आणि टोकियोहून येणारी त्सुकुबा एक्सप्रेस असं सगळं सांगतो. या इमारतीचं नाव सहसा कोणी काढत नाही. पण सरकारने शंभर वर्षांपूर्वी काय ठरवलं आणि का ठरवलं, हे ज्यांच्यावरून कळतं ते दस्तऐवज इथे फडताळांत आहेत. आम्ही प्रयोगवाले मूळ नोंदवही जपतो, तसंच हे.

जपानला हे महत्त्व कळत नाही, असं मुळीच नाही. 2011 च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर उघड झालं की आपत्तीसाठी नेमलेल्या अनेक सरकारी समित्यांनी बैठकींची इतिवृत्तंच ठेवली नव्हती. अणुभट्टी पेटलेली असताना कोण काय म्हणालं, याची नोंद नाही. त्यावर टीका झाली आणि नियम सुधारले. मोठ्या राष्ट्रीय संकटाला 'ऐतिहासिक आणीबाणी' म्हणून घोषित करायचं आणि त्या काळातल्या निर्णयांच्या नोंदी जास्त काळजीने ठेवायच्या, असं ठरलं. ही तरतूद पहिल्यांदा कधी वापरली, माहितीये? 10 मार्च 2020 ला, कोरोनासाठीच. मास्कच्या घोषणेच्या तीन आठवडे आधी!

म्हणजे पुढच्याला ठेच लागली होती, मागचा शहाणा व्हायला हवा होता. नियम होता, जागा होती, फडताळं होती. ठेवायला कागद मात्र नव्हता.

आता माझी तक्रार सरळ शब्दांत मांडतो. घाईमुळे निविदा माफ होऊ शकते. नोंद माफ होऊ शकत नाही. उलट निविदा काढली नाही, तेव्हाच नोंदीची गरज जास्त असते. निविदा असली की स्पर्धाच थोडीफार राखण करते. दर का ठरला, हे दुसऱ्यांच्या दरांवरून दिसतं. निविदा काढून टाकली की राखणीला उरतो फक्त कागद. तोही गेला तर मागे राहतो नुसता भरवसा. सरकारवर भरवसा ठेवावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण 4,400 कोटी येन त्याच्यावर सोडता येत नाहीत.

आणि कृपा करून कोणी म्हणू नका की संकटात कागद करायला वेळ नसतो. ईमेल लिहिली की नोंद आपोआप झालेली असते. ती ठेवायला काही करावं लागत नाही, फक्त पुसायची नसते.

"जपानचं चाललंय, आपल्याला काय," असं वाटत असेल तर आता मुंबईला चला.

मार्च 2023 मध्ये मुंबई महापालिकेवरचा 'कॅग'चा विशेष अहवाल विधानसभेत मांडला गेला. सुमारे 12,000 कोटी रुपयांच्या कामांची तपासणी होती. त्यात कोविडवरचा 3,538 कोटी रुपयांचा खर्चही तपासायचा होता. तो तपासताच आला नाही. महापालिकेने कागद दिले नाहीत. कारण म्हणून दाखला दिला 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आणि 1897 च्या साथरोग कायद्याचा.

1897! शाळेत इतिहास नीट झोपून काढला असेल तरी हे साल आठवेल. मुंबई-पुण्यातला प्लेग, घराघरांत शिरणारे सोल्जर, रँड, चापेकर बंधू. त्याच प्लेगसाठी इंग्रजांनी फेब्रुवारी 1897 मध्ये घाईघाईने हा कायदा केला. सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरता येणार नाही, असं संरक्षण त्यात आहे. साथीत निर्णय घेणाऱ्याला असं संरक्षण हवंच, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण खटल्यापासून संरक्षण वेगळं आणि हिशोब दाखवण्यापासून सुटका वेगळी. सद्भावना होती की नाही, हे तरी कशावरून कळणार? कागदावरूनच ना?

त्याच अहवालात कोविडबाहेरच्या कामांबद्दल आणखी एक गोष्ट होती. 64 कामं, सुमारे 4,756 कोटी रुपयांची, आणि कंत्राटदारांशी करारनामाच केलेला नाही. ओसाका आणि मुंबई काय एकमेकांना विचारून वागले नव्हते. पण सवय बघा किती सारखी.

कोविड केंद्रं, मृतदेहांच्या पिशव्या, खिचडी, यांबद्दलची प्रकरणं पुढे पोलीस आणि ईडीकडे गेली. त्यांचा निकाल देणं आपलं काम नाही. आणि हा एका पक्षाचा प्रश्नही नाही. मार्च 2020 मध्येच केंद्राने पीएम केअर्स निधी काढला. तो सरकारी निधी नाही, म्हणून त्याला माहितीचा अधिकार लागू नाही, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयात घेतली गेली. तुमचा आवडता पक्ष कोणताही असो, यादीत तो कुठेतरी सापडतोच.

मग कोणीच नीट केलं नाही का? नीट असं नाही, पण एक उदाहरण शिकण्यासारखं आहे. ब्रिटननेही भरपूर घाण केली. राजकारण्यांनी शिफारस केलेल्या कंपन्यांसाठी वेगळी 'व्हीआयपी' रांग होती. 2020-21 या एका वर्षात संरक्षक साहित्यावरचे 870 कोटी पौंड पाण्यात गेले असं खात्यालाच मान्य करावं लागलं. पण तिथे करार झाल्यावर 30 दिवसांत त्याची माहिती जाहीर करायचं बंधन होतं. सरकारने ते पाळलं नाही, तर फेब्रुवारी 2021 मध्ये, साथ चालू असतानाच, उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. राष्ट्रीय लेखापरीक्षकांचा व्हीआयपी रांगेवरचा अहवाल त्याआधीच, नोव्हेंबर 2020 मध्ये आला होता. चूक तिथेही झाली, पण ती महिन्यांत दिसली. ओसाकात एका मास्कचा दर कळायला तीन वर्षं लागली. मुंबईत 'कॅग'ला कागदच मिळाले नाहीत.

आपल्या गणपती मंडळाचं बघा. परदेशातल्या मंडळातसुद्धा शेवटच्या दिवशी खजिनदार उभा राहतो आणि जमाखर्च वाचतो. प्रसादाला किती, हॉलचं भाडं किती, शिल्लक किती. प्रसाद थोडा जास्त झाला आणि उरला, तर कोणी चिडत नाही. "पुढच्या वर्षी कमी करा," म्हणतात आणि विषय संपतो. पण खजिनदार म्हणाला, "हिशोब तोंडी होता, आठवत नाही," तर पुढच्या वर्षी त्याच्याकडे पेटी जाते का? उरलेला प्रसाद आणि हरवलेला हिशोब यांतला फरक आपल्याला लहानपणापासून कळतो. सरकारच्या बाबतीत मात्र आपण प्रसादावर विनोद करत बसतो.

शेवटी तुमच्याशी थेट बोलायचं ते हे. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना सारखं वाटतं की आपण इथेही पाहुणे आणि तिथेही. इथे कर भरतो, मत नाही. तिथे मत आहे, पण निवडणुकीसाठी तिकीट कोण काढणार? पण जपानच्या माहिती कायद्यात अर्ज कोण करू शकतो, यासाठी 'कोणीही' असा शब्द आहे. नागरिकत्वाची अट नाही. केंद्र सरकारच्या खात्याकडे कागदी अर्जाचं शुल्क 300 येन, म्हणजे एका राइसबॉलचे आणि एका चहाचे पैसे. भारताचा 2005 चा कायदा हक्क देतो तो नागरिकांना. तुमच्याकडे अजून भारताचा पासपोर्ट असेल, तर त्सुकुबात बसूनही तुम्ही ऑनलाइन अर्ज करू शकता. केंद्राचं शुल्क 10 रुपये. महाराष्ट्र राज्याचंही स्वतंत्र पोर्टल आहे. आणि हा कायदा देशभर येण्याआधी महाराष्ट्रात होता, अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे, हेही विसरू नका.

प्राध्यापक कामिवाकी यांच्या हातात होतं तरी काय? एक अर्ज, एक साधा प्रश्न आणि पाच वर्षांची चिकाटी. यातल्या पहिल्या दोन गोष्टी आपल्यापाशीही आहेत.

आमच्या घरातल्या दोन मास्कपैकी एक मी वापरला, धुतला, आटल्यावर फेकून दिला. दुसरा पाकिटासकट माझ्या टेबलाच्या खणात आहे, पावत्यांच्या फाईलवर ठेवलेला. त्याची पावती मात्र सरकारने अजून दाखवायची आहे.